माजी विद्यार्थ्यांची पहिली सहल काढताय? मग एवढं बघा

पहिल्याच वर्षी युरोपचा घाट घालू नका. दोन मुक्कामांची अजिंठा-वेरूळ सहल पुष्कळ झाली. मात्र सोबत विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक हवेतच. ते नसतील तर ही कुठल्याही ट्रॅव्हल कंपनीची सहल होते आणि मूळ हेतू राहतो बाजूला. लेण्यात उभं राहून सर शिकवायला लागले की साठीची मंडळीही पुन्हा शंका विचारतात, आणि तुम्हाला तेच तर हवंय!

नवे आयोजक हमखास चुकतात ते इथे:

- एकच बॅच नेणं. १९८५ आणि २०१५ची मंडळी शेजारी बसवा.
- बसमध्ये देणगीचा विषय. अजिबात नको. माणसं पुढच्या वेळी फोनच उचलत नाहीत.
- वार न बघणं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

अजिंठ्याला पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघ्यांची चौकशी आधीच करा. पैसे आगाऊ घ्या. तोंडी ‘येतो’वर बस ठरवू नका. परतल्यावर आठवड्याभरात फोटो पाठवा, त्यासोबतच विभागाच्या पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण. परदेशाचं नंतर बोलू.