चीनमधल्या शेन्झेनला नवीन जाताय? सुरुवातीला एवढंच बघा

अभिनंदन! पहिला आठवडा गोंधळ उडेल, मग गाडी रुळावर येते.

आधी पैसे. भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळं क्यूआरवर चालतं. त्यासाठी वापरतात त्या वीचॅट अ‍ॅपवर भारतात २०२० पासून बंदी आहे, म्हणून ते उतरल्यावरच घ्या आणि तोवर खिशात थोडे युआन ठेवा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- घर बदललं की २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेलवाले ती स्वतः करतात, म्हणून पुढे लोक विसरतात.
- ‘हाँगकाँग तर शेजारीच’ म्हणून शनिवारी जाऊन येणं. व्हिसासाठी ते चीनबाहेर जाणंच धरतात; तो एकाच प्रवेशाचा असेल, तर परत येता येत नाही!
- कँटोनीज ही इथल्या प्रांताची भाषा शिकत बसणं. इथे देशभरातून आलेली माणसं, त्यामुळे मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाणभाषाच, कामी येते.

घर शोधताना फक्त चकचकीत टॉवर बघू नका. १९८० नंतर शहर वाढलं आणि जुनी गावं त्याच्या पोटातच राहिली. तिथल्या इमारती इतक्या खेटून की खिडकीतून हात मिळवता यावा. उजेड कमी, पण भाडं कमी आणि खाणं झकास. मात्र पाडापाडी सतत चालू असते. करार करण्यापूर्वी त्याची चौकशी करा.

बँक, कर वगैरे पगार सुरू झाल्यावर विचारा.