ठाणे खाडीतले फ्लेमिंगो : तुमचे प्रश्न

उजनीला फ्लेमिंगो दिसतातच की, मग मुलांना घेऊन ठाण्याच्या खाडीपर्यंत कशाला जायचं? (जुळे सोलापूर)

जावा, कारण तिथं पक्षी वेगळा आहे. उजनीला आपण बघतो तो बहुतेक मोठा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), उंच, पांढरट, फिकी गुलाबी चोच आणि टोक काळं. खाडीत जास्त करून धाकटा रोहित, बुटका, रंगानं गडद, चोच तर लांबून काळीच वाटते. दोघंही चोच उलटी करून पाणी गाळतात पण मोठा किडे-शिंपल्यांसारखे बारके जीव खातो आणि धाकट्याला मुख्यतः शेवाळ लागतं. मागच्या उन्हाळ्यात उजनीकाठच्या कुंभारगावला दुर्बिणीतून एकाला बघत बसलो होतो, डोकं पाण्यात एका जागी आणि पाय मात्र त्याच्याभोवती गोल गोल चिखल तुडवत चाललेत, खालचं खाणं वर यावं म्हणून, इतकं सुंदर दिसतं ते की उठवत नाही.

पिल्लं दिसतील का? (बार्शी)

घरट्यातली नाही, अंडी घालायला ते कच्छच्या रणाकडे जातात. थव्यात राखाडी पक्षी दिसला तर तो लहान समजा. गुलाबी रंग खाण्यातून येतो, चढायला दोन-तीन वर्षं जातात.

मुंबईत जागेची एवढी मारामार, आणि चिखलासाठी अभयारण्य? (अक्कलकोट)

काका, आपण सोलापूरकरांनी तरी हे विचारू नये. आपला माळ पण सगळ्यांना पडीकच वाटायचा, नान्नजला 1979 ला अभयारण्य होऊनसुद्धा आज माळढोक दिसणं मुश्किल झालंय. ओहोटीला उघडा पडणारा तो चिखल म्हणजे या पक्ष्यांचं ताट आहे, त्यावर भराव पडला तर पक्षी खाणार काय? म्हणून 2015 साली तिवरांसकट जवळपास 17 चौरस किलोमीटर खाडी राखली, 2022 ला ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आली.

कधी आणि कसं जायचं? ड्रोन चालेल का? (पंढरपूर)

फेब्रुवारी ते एप्रिल बेस्ट. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी कल्याणला उतरा, लोकलनं ठाणे, तिथून ऐरोली. वनखात्याच्या बोटी भरती-ओहोटी बघून सुटतात, वेळ रोज सरकते, त्यामुळं आधी बुकिंग करा मगच रेल्वेचं तिकीट काढा. ड्रोन अजिबात नको, अख्खा थवा खाणं सोडून उठतो.