नागपुरात व्हीलचेअरवरून एकटीने मेट्रोने कामावर जाता येतं का?

जाता येतं. मी जाते. शंकर नगर चौकात चढते, बर्डीला उतरते. तुमच्या बहिणीला नोकरी लागलीय आणि घरचे 'एकटी कशी जाईल' म्हणून अडवून बसलेत, हे वाचलं आणि राहवलं नाही.

मेट्रो हा यातला सोपा भाग आहे. लिफ्ट आहे, रुंद गेट आहे, फलाट आणि डबा जवळपास एका पातळीत. गोची आहे ती घर ते स्टेशन.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथला उतार केलाय आणि त्याच उताराच्या मधोमध, दुचाक्या चढू नयेत म्हणून, लोखंडी खांब रोवलेत. दुचाकी आरामात निघून जाते, खुर्ची अडकते. म्हणून मी रस्त्यावरूनच जाते, ई-रिक्षांच्या मधून. गेल्या पावसाळ्यात तिथे पाणी साचलं, पुढची चाकं खड्ड्यात गेली. टपरीवरचे चौघे धावत आले. "थांबा, कुठे धरायचं ते सांगते" म्हणेपर्यंत त्यांनी मला खुर्चीसकट उचललं. एकाने नेमकं फूटरेस्ट धरलं, ते निघून त्याच्या हातात आलं, मी एका बाजूला लोंबकळत. माणसं भली होती, राग नाही. खाली ठेवल्यावर एक म्हणाला, "काहून एकट्याच निघता ताई? घरी कोणी नाही का?"

घरी दादा आहे ना. त्याने तुटलेलं फूटरेस्ट पाहिलं आणि त्याला आयता पुरावा मिळाला. "म्हणून म्हणतो, महिन्याचा ऑटो लावून देतो." मायेने म्हणतो, मान्य. पण संध्याकाळी ऑटो साडेपाचला येणार म्हणजे मी साडेपाचलाच कामावरून उठायचं. मैत्रिणींसोबत तर्री पोहे खायचे तर आधी ऑटोवाल्याला फोन. तो गावी गेला की माझीही सुट्टी. खांब हलवायचा सोडून मला घरात बसवायचं, हा कुठला न्याय?

त्याचं दुसरं पालुपद म्हणजे सरकार किती देतं, एसटीत ७५ टक्के सवलत आहे. आहे ना. पायऱ्या मात्र सगळ्या चढाव्या लागतात. तिकीट स्वस्त करणं सोपं असतं, म्हणून तेच आधी होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४१ वं कलम वाचा, त्यात बस-रेल्वेसोबत रस्तेही आहेत. रस्तेसुद्धा आम्हाला वापरता येतील असे हवेत. दादाला ते कलम मोठ्याने वाचून दाखवलंय. त्याने पेपर उघडला.

तर सुट्टीच्या दिवशी बहिणीला घेऊन घर ते स्टेशन जा. तुम्ही मागे चाला, खुर्चीला हात लावू नका. जिथे अडेल तिथला फोटो काढा, महापालिकेच्या झोन ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नुसता 'उतार करा' लिहू नका, नाहीतर घसरगुंडी करून देतील. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असं मापासकट लिहा. आणि घरच्यांना सांगा, पगार ती आणणार आहे, रस्ताही तिलाच ठरवू द्या.

हां, माझे हात दणकट आहेत. मला लहानपणी पोलिओ झाला, वरचं अंग शाबूत आहे. तिच्या हातात जोर कमी असेल तर हे सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही, बॅटरीच्या खुर्चीचा विचार करा. दृष्टी नसलेल्यांच्या अडचणी आणखी वेगळ्या, त्यावर मी बोलू नये. मे महिन्यात पारा ४५ ला गेला की चाकांची कडी हाताला चटके देतात, हातमोजे घ्या. आणि धो धो पावसात सरळ ऑटो करा. मीही करते, फक्त दादाला सांगत नाही.