एकाच टीमचे दोन्ही रनिंग बॅक घ्यावेत का?

प्रश्न असा आहे: अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएल) फँटसीची ऑफिसमधली बारा जणांची लीग, हाफ पीपीआर (झेललेल्या प्रत्येक पासला अर्धा गुण), बेंचवर सहा जागा. ड्राफ्टच्या (आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या) पहिल्याच फेरीत एक तगडा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) घेतलाय आणि पाचव्या-सहाव्या फेरीत त्याच टीमचा दुसरा अजून शिल्लक राहील असं दिसतंय. तो घ्यावा, की 'सगळं एकाच टीमवर लावू नकोस' हे मित्रांचं ऐकावं?

माझ्या मते टीम एक का दोन, हा मुद्दाच नाही. पहिला ठणठणीत असताना दुसऱ्याला स्वतःचं काम आहे का, ते बघा. असेल तर बिनधास्त घ्या. नसेल तर पाचव्या फेरीत तुम्ही खेळाडू घेत नाही आहात, विमा काढताय, आणि त्याचा हप्ता भलताच जास्त आहे.

स्वतःचं काम म्हणजे काय, हे डेट्रॉइट लायन्सच्या 2023-24 मधल्या जोडीइतकं स्वच्छ कुठे दिसलं नाही. 2023 मध्ये त्यांनी डेव्हिड मॉन्टगोमेरीला शिकागोहून आणलं आणि त्याच वर्षी जामीर गिब्सला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर घेतलं. त्या सीझनला मॉन्टगोमेरी 1,015 यार्ड धावला, 13 टचडाऊन (बॉल गोललाइनपलीकडे नेणं, सहा गुण). गिब्स 945 यार्ड, 10 टचडाऊन. दोघांनाही आठवड्यामागून आठवडे डोळे मिटून खेळवता येत होतं, कारण कामं वाटलेली होती. मोकळ्या मैदानात पळायचं आणि पास झेलायचे ते मुख्यतः गिब्सने, आणि गोललाइनजवळ गर्दीत मुसंडी मारायची ती बहुतेक वेळा मॉन्टगोमेरीने.

आता यातली गंमत बघा. समजा गिब्स तीस यार्ड सुसाट पळाला आणि दोन यार्डांवर पकडला गेला. तुमच्या खात्यात तीन गुण. तो धापा टाकत बाहेर येतो, मॉन्टगोमेरी आत जातो, दोन यार्ड ढकलतो आणि टचडाऊन: 6.2 गुण. ज्याच्याकडे फक्त गिब्स आहे तो टीव्हीसमोर कपाळावर हात मारतो. ज्याच्याकडे दोघे आहेत त्याला कुणी मारला याच्याशी देणंघेणं नाही. दोन्ही घेण्याचा खरा फायदा हाच, आणि तो दुखापतीशिवाय मिळतो. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. एकाच ड्राइव्हचा (सलग चढाईचा) टचडाऊन दोघांना मिळत नाही, त्यामुळे दोघांचाही दिवस एकदमच सोन्याचा निघणं कमी वेळा होतं. आठवड्याची बेरीज स्थिर राहते, पण छप्पर फाडणारे आठवडे थोडे कमी येतात. तुमची टीम मुळातच मजबूत असेल तर हे चालतं. दर आठवड्याला कुणाला तरी धक्का द्यावा लागणारी टीम असेल तर चालत नाही.

पण यासाठी टीमने भरपूर गुण करायला हवेत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लायन्सने 2024 मध्ये 564 गुण केले, लीगमध्ये सर्वांत जास्त. म्हणून गिब्सचे एकूण 20 टचडाऊन होऊनही मॉन्टगोमेरीला 12 उरले. जिथे क्वार्टरबॅक (पास फेकणारा) धड नाही आणि ऑफेन्सिव्ह लाइन (त्याला आडोसा देणारी फळी) गळकी आहे, अशा टीमचे दोन रनिंग बॅक म्हणजे अर्धी भाकरी दोघांत. मित्रांचा सल्ला इथे मात्र शंभर टक्के बरोबर.

जुनं उदाहरण हवं असेल तर 2017 चे न्यू ऑर्लिन्स सेंट्स. मार्क इंग्राम आणि नवखा एल्विन कमारा, दोघांनीही धाव आणि पास मिळून 1,500 च्या वर यार्ड काढले. एका टीमच्या दोन रनिंग बॅकनी असं करणं एनएफएलमध्ये तोवर झालं नव्हतं. पण लक्षात घ्या, ऑगस्टमध्ये त्याच टीममध्ये एड्रियन पीटरसनही होता, ऑक्टोबरमध्ये त्याला ॲरिझोनाला पाठवलं. तिघांच्या गर्दीला घाबरून लोकांनी कमाराला खाली ढकललं होतं. म्हणजे जोडी फळली ती गुणवत्तेमुळे, आणि परवडली ती किमतीमुळे. एरवी जे नाव दोन फेऱ्या आधी घ्यावं लागलं असतं ते सगळ्यांच्या शंकेमुळे स्वस्तात मिळालं, तर घ्यायचं. स्वस्त नसेल तर ही अख्खी चर्चा व्यर्थ आहे.

आता विम्याकडे येऊ, ज्याला सगळे हँडकफ म्हणतात. 2018 मध्ये पिट्सबर्गचा लेव्हिऑन बेल कराराच्या वादात अख्खा सीझन आलाच नाही. ज्यांनी बेलसोबत जेम्स कॉनर घेतला होता ते तरले. पहिल्याच सामन्यात क्लीव्हलँडविरुद्ध त्याचे 135 यार्ड आणि दोन टचडाऊन. ही गोष्ट लोक दरवर्षी ऐकवतात. पुढची ऐकवत नाहीत: डिसेंबरमध्ये, ऐन फँटसी प्लेऑफच्या तोंडावर, कॉनरचाच घोटा दुखावला आणि कामाला आला तो जेलेन सॅम्युएल्स.

2024 च्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी तर या हिशेबाचं पार वाटोळं केलं. ख्रिश्चन मॅकॅफ्री बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिला गेला. त्याचा बदली म्हणून सुरुवातीला नाव होतं एलायजा मिचेलचं, तो ऑगस्टमध्येच जखमींच्या यादीत गेला. पहिल्या सोमवारी जेट्सविरुद्ध मॅकॅफ्री बसला आणि जॉर्डन मेसनने 28 वेळा बॉल घेऊन पळत 147 यार्ड काढले. पुढे मॅकॅफ्री परतला, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बफेलोच्या बर्फात पुन्हा जायबंदी झाला आणि त्याच सामन्यात मेसनही. मग आयझॅक ग्वेरेंडो. ऑगस्टमध्ये मिचेलवर पिक खर्च करणाऱ्याला काय मिळालं? विमा काढायचा तर नाव बरोबर लागायला हवं, आणि ऑगस्टमध्ये ते लागतंच असं नाही.

आणखी एक हिशेब लोक करत नाहीत. तुमचा पहिला पडला आणि तुमचाच बदली उभा राहिला, तर तुम्ही खड्डा बुजवला, बस. पण दुसऱ्या कुणाचा पहिला पडला आणि त्याचा बदली तुमच्या बेंचवर असेल, तर तुमच्याकडे तुमचे सगळे शाबूत आणि वर एक नवीन स्टार्टर. म्हणून शेवटच्या फेऱ्यांत मी स्वतःच्या खेळाडूचा नाही, दुसऱ्यांच्या खेळाडूंचे बदली उचलतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून मात्र उलट. प्लेऑफची जागा जवळपास पक्की झाली, बाय वीक (टीमचे सुट्टीचे आठवडे) संपत आले, बेंच मोकळा झाला की स्वतःच्या पहिल्या रनिंग बॅकचा बदली आणून ठेवायचा. तोवर कोण खरा बदली आहे हेही मैदानावर दिसलेलं असतं.

बाय वीकची भीती फार बाळगू नका. दोघे एकाच आठवड्यात बसतात, तो एक सामना हराल फार तर. बाकी आठवडे पूर्ण ताकदीने खेळता.

क्रिकेटच्या फँटसीतून आलेल्यांसाठी एक गोष्ट: तिथे तोच खेळाडू हजारो जण घेऊ शकतात. इथे तुम्ही घेतला की बाकी अकरा जणांसाठी तो संपला. त्यामुळे प्रत्येक पिकमागे 'याच्याऐवजी काय सोडतोय' हे विचारावंच लागतं. तुमच्या पाचव्या फेरीत दर आठवड्याला खेळवता येईल असा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) समोर असेल आणि दुसरा रनिंग बॅक निव्वळ बदली असेल, तर रिसीव्हर घ्या, विचारही करू नका.

ड्राफ्टच्या आधी (तो नेमका गणपतीच्या धामधुमीत येतो, ठाऊक आहे) तासभर काढून मागच्या सीझनचे तुमच्या टीमचे तीन-चार सामने बघा. थर्ड डाऊनला (चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) कोण आत असतो? पाच यार्डांच्या आत बॉल कुणाला देतात? टीम दहा गुणांनी मागे असताना कोण मैदानावर टिकतो? यातल्या किमान एका प्रश्नाचं ठाम उत्तर 'दुसरा' असेल तर पाचवी-सहावी फेरी ठीक आहे. एकही नसेल तर दहाव्याच्या आधी त्याचं नाव घेऊ नका.

आणि हो, केवळ तुम्हाला डिवचायला तुमच्या खेळाडूचा बदली उचलणारा एक जण प्रत्येक लीगमध्ये असतो. मग ऑक्टोबरभर ट्रेडचे मेसेज पाठवत बसतो. उचलू द्या. त्याची बेंचवरची एक जागा अडते, तुमची नाही.