जाहिरातीत एक भाव आणि बिलात दुसराच, हे चालतं कसं?

प्रश्न : ताई, ऑनलाइन काहीही बुक करायला गेलं की पहिल्या पानावर एक किंमत असते आणि पैसे भरायच्या पानावर पोचेपर्यंत त्याला टॅक्स, सर्व्हिस फी, बुकिंग फी आणि अजून काय काय चिकटलेलं असतं. माझा भाऊ म्हणतो टॅक्स सरकार घेतं, त्यात कंपनीचा काय दोष? मला वाटतं जाहिरातीत आकडा दिसतो तेवढेच पैसे लागायला हवेत. कोणाचं बरोबर?

उत्तर : तुमचंच, पण भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीये. टॅक्स कंपनीच्या खिशात जात नाही हे खरं. पण ती सर्व्हिस फी? ती तर कंपनीनेच ठरवलेली असते, टाळता येत नाही, मग ती किंमतच झाली ना, नुसतं नाव वेगळं. अशी फी शेवटच्या पानावर काढायला माझ्या मते काहीच सबब नाही.

टॅक्सचं जरा किचकट आहे. अमेरिकेत सेल्स टॅक्स राज्यागणिक बदलतो, बऱ्याच ठिकाणी शहरागणिकही, म्हणून तिथे लेबलवर टॅक्स सोडून किंमत लिहायची सवय पडलीये आणि दुकानदार म्हणतात की देशभर एकच जाहिरात करायची तर आकडा कुठला टाकू? मुद्दा बरोबर आहे, पण फक्त देशभराच्या जाहिरातीपुरता, कारण दुकानातल्या लेबलला तर आपण कुठे आहोत ते माहीतच असतं. आणि त्याच अमेरिकेत २०१२ पासून विमान तिकिटाच्या जाहिरातीत सगळे टॅक्स धरूनच भाडं दाखवावं लागतं, तिथे बरं जमतं! युरोपियन युनियनचा १९९८ चा नियमच आहे की ग्राहकाला दाखवायची किंमत टॅक्ससकट शेवटची हवी, जपाननेही १ एप्रिल २०२१ पासून ते सक्तीचं केलंय.

भावाचा पुढचा प्रश्न असेल की टॅक्स किमतीत मिसळला तर सरकार किती घेतंय ते लोकांना कळणार कसं? सोपं आहे, बिलावर फोड लिहायची, आकडे दोन्ही दाखवा ना, फक्त मोठ्या अक्षरात एकूण रक्कम असू दे.

आणि लोकांना टॅक्स माहीतच असतो म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चेट्टी, लूनी आणि क्रॉफ्ट या अर्थतज्ज्ञांनी एका दुकानात काही वस्तूंना टॅक्ससकट किमतीची लेबलं लावून बघितली, २००९ मध्ये त्यावरचा पेपर आला. त्या वस्तूंची विक्री साधारण ८ टक्क्यांनी घटली. टॅक्स एक पैसाही वाढलेला नव्हता, फक्त दिसायला लागला होता.

प्रश्न : माझा छोटा ऑनलाइन धंदा आहे. मी सगळं धरून किंमत दाखवतो आणि समोरचा फी लपवतो, मग लिस्टमध्ये तो स्वस्त दिसतो आणि गिऱ्हाईक तिकडे. प्रामाणिक राहून तोटाच करून घ्यायचा का?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे आणि मोठ्यांनाही ती चुकलेली नाही. स्टबहब या तिकीट साइटने २०१४ मध्ये फीसकट किंमत दाखवायला सुरुवात केली होती, पुढच्या वर्षी सोडून दिली. २०१५ मध्ये तिथेच झालेल्या प्रयोगात ज्यांना फी शेवटी दिसली त्यांनी आधी दिसलेल्यांपेक्षा जवळपास २० टक्के जास्त खर्च केला, मग कुठली कंपनी आपणहून सुधारेल? म्हणूनच मला हा सचोटीचा कमी आणि नियमाचा प्रश्न जास्त वाटतो, सगळ्यांना एकदम लागू झाला तरच तुमच्यासारख्याला परवडेल. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून कार्यक्रमांची तिकिटं आणि हॉटेलसारखा थोड्या दिवसांचा मुक्काम यांच्या जाहिरातीत सक्तीची फी धरूनच किंमत सांगावी लागते. सरकारी टॅक्स मात्र बाहेर ठेवायची मुभा आहे, म्हणजे अर्धंच काम झालं.

तोपर्यंत किमतीला लागूनच ‘सगळे टॅक्स आणि फी धरून’ असं ठळक लिहा, तळाशी बारीक अक्षरात नको. डिलिव्हरी अंतराप्रमाणे बदलत असेल तर ती वेगळी ठेवली तरी चालेल, पण पत्ता आधी विचारा आणि आकडा तिथेच सांगा. आणि तुमची गिऱ्हाईकं दुसरे व्यापारी असतील, ज्यांना भरलेला टॅक्स परत वळता करून मिळतो, तर त्यांना टॅक्स सोडून भाव दिला तरी हरकत नाही, ते हिशोब तसाच करतात.