ट्रायल्सकडे परत येताय? आधी वजन बघा

ट्रायल्स म्हणजे पाय न टेकता, तोल सांभाळत दगडधोंड्यांवरून बाइक नेण्याचा खेळ. सराव सुटल्यावर परतताना किती सीसीची बाइक घ्यावी, हा विचार नंतर. खऱ्या ट्रायल्स बाइकचं वजन साधारण 70 किलो असतं, हिरोच्या एक्सपल्स 200 या ऑफरोड बाइकचं दीडशेच्या वर. त्यामुळे एक्सपल्सवर तोल, क्लच आणि फुल लॉक (हँडल पूर्ण वळवून घेतलेली) वळणं शिका. दगडांवरच्या उड्या नकोत, पाठ आणि गुडघे जातील. इम्पोर्टेड सेकंडहँड बाइक मिळत असेल तर 125 सीसीपेक्षा 250 सीसी घ्या. कमी आरपीएमवर ती शांत ओढते, म्हणून सराव सुटलेल्याला सोपी जाते. घेताना स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि लिंकेज (त्याला सस्पेन्शनशी जोडणारे सांधे) यांचे बेअरिंग हलवून बघा, कागदपत्रंही तपासा.

टायरमधली हवा हा खरा मुद्दा. ट्रायल्स टायरमध्ये मागे 4-5, पुढे 5-6 पीएसआय. ट्यूबवाल्या साध्या टायरला हे चालत नाही: टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरणारा क्लॅम्प) बसवा, तरीही 10-12 च्या खाली जाऊ नका.

क्लच एका बोटाने दाबायचा, लिव्हरला 2-3 मिमी प्ले (मोकळी हालचाल) ठेवायचा. क्लच सतत अर्धवट दाबून घसरवावा लागतो, म्हणून चारस्ट्रोकमध्ये जासो एमए2 (ऑइलमध्ये बुडालेला क्लच नीट पकडावा यासाठीचा दर्जा) ऑइलच घाला.

पुण्यातल्या बऱ्याच टेकड्या वनखात्याच्या आहेत, तिथे गाडी नको. ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन मुरमाच्या उतारावर सुरुवात करा. शेवाळलेला कातळ पावसाळ्यानंतर.