दहावी आली म्हणून खो-खो बंद करायचा का?

"मॅडम, नववीत गणिताला शंभरात 41. आता खो-खो, चित्रकला सगळं बंद करतो आणि जूनमध्ये तालुक्याच्या इंग्रजी शाळेत नाव घालतो. बरोबर आहे ना?"

जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात शिकणाऱ्या मुलीच्या वडिलांचा हा मे महिन्यातला प्रश्न. नववीचा निकाल लागला की अनेक घरांत तो विचारला जातो, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून इथे मांडते आहे.

"सगळं बंद" हा निर्णय घ्यायला सोपा, म्हणूनच तो घाईत घेतला जातो. त्याआधी मुलीचा आठवडा कागदावर उतरवायचा असतो: उठल्यापासून झोपेपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, सातही दिवस. रकाने मुलीने भरायचे, आईवडिलांनी नाही. या मुलीच्या कागदावर चार दिवस सारखेच होते. शाळा 5 वाजता सुटते, 5 ते 6 सराव. गावाकडची एसटी 5:20 ची, ती चुकते. पुढची 7 ची. सव्वापाचला मैदानावर असलेली मुलगी साडेसातला घरी पोचते, जेवून पुस्तक उघडते तेव्हा 9 वाजलेले असतात. सराव एक तासाचा, पण 5:20 च्या गाडीने ती 5:50 ला घरी आली असती. म्हणजे रोज 1 तास 40 मिनिटं जात होती आणि त्यातला एक तास स्टँडवर बसण्यात.

याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसली. खो-खोखेरीज वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलनाचं निवेदन, 15 ऑगस्टचं समूहगीत. चुणचुणीत मूल दिसलं की प्रत्येक शिक्षक त्यालाच पुढे करतात, आणि लहान शाळेत तर तीच चार-पाच मुलं सगळीकडे असतात. यात कुणाची वाईट बुद्धी नसते. मात्र मूल स्वतःहून "नाही" म्हणत नाही. शिक्षकांना नकार देणं त्याला उद्धटपणा वाटतो. म्हणून हे बोलणं पालकांनीच मुख्याध्यापकांशी करावं, आणि मुलांदेखत नको.

गणिताचा पेपर मागवून पाहिला. बीजगणित ठीक होतं, भूमितीतली सिद्धता आणि रचना कोरी. मुलीला एकटीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाकोबा कधी आणि कोबाको कधी, तेच कळत नाही." म्हणजे बाजू-कोन-बाजू आणि कोन-बाजू-कोन या कसोट्या. अडचण इथे होती. नववीतल्या एकरूपतेच्या कसोट्या कच्च्या राहिल्या, तर दहावीच्या समरूपतेत 'कोको' (कोन-कोन) कसोटी येते तिथे मूल पुन्हा अडतं, आणि मग वर्तुळाची प्रमेयं नुसती पाठ होतात. खो-खो सोडला असता तरी बाकोबा कळलं नसतं. नवा क्लासही लगेच दहावीचा पहिला धडा उघडतो, नववीचा त्रिकोण कुणी परत शिकवत नाही.

एकटीला विचारण्याचं दुसरंही कारण आहे. नववी-दहावीत बऱ्याच मुली खेळ सोडतात तो अभ्यासासाठी नव्हे. मैदानाचे कपडे, पाळीचे दिवस, शाळेतल्या स्वच्छतागृहाची अवस्था, कुणी मारलेला टोमणा ही खरी कारणं असतात, आणि ती आईवडिलांसमोर निघत नाहीत. हिच्या बाबतीत तसं नव्हतं. तसं असतं तर सल्ला वेगळा झाला असता.

आता शाळा बदलण्याचं. तालुका 22 किलोमीटर. गाड्या धरून जाण्यायेण्यात रोज दोन तास, म्हणजे सहा दिवसांत 12 तास. हिचं गणित-विज्ञान सेमी-इंग्रजी वर्गामुळे आधीपासूनच इंग्रजीत होतं, पण इतिहास, भूगोल दहावीच्या वर्षात इंग्रजीतून वाचायला लागले असते. शिवाय आठवीत तिने एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळवलेली. नववी ते बारावी, वर्षाला 12,000 रुपये, थेट खात्यावर. ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्यांनाच मिळते. विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की ती थांबते. वडिलांना हे ठाऊक नव्हतं. अकरावीला विनाअनुदानित कॉलेज घेतलं तरी तेच होतं, आणि अकरावीत ती चालू राहायला दहावीत 60 टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के सूट). दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, ते विसरल्यामुळेही पैसे अडकतात.

चित्रकलेबद्दल बंद करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दोन्ही झालेल्या, इंटरमिजिएटला बी श्रेणी. त्याचे दहावीला 5 वाढीव गुण (ए ला 7, सी ला 3). इंटरमिजिएट नववीपर्यंत देऊन टाकावी ती यासाठीच. दहावीत फक्त प्रमाणपत्राची प्रत आणि वाढीव गुणांचा प्रस्ताव उरतो. मात्र प्रमाणपत्रावरचं नाव आणि बोर्डाच्या अर्जावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. आईचं नाव, आडनावातला एखादा काना यावरून प्रस्ताव परत येतात, म्हणून ते जुलैतच तपासावं. खेळाचे वाढीव गुण जिल्हा आणि त्यावरच्या स्तरावरच्या कामगिरीसाठी असतात, तालुक्यापर्यंत खेळून मिळत नाहीत. त्या गुणांच्या आशेवर मुलीला मैदानात ठेवू नये. तिला खेळायचं आहे का, एवढंच विचारावं. ही म्हणाली, "हो."

मग वेळापत्रक असं बसलं. क्रीडाशिक्षकांशी बोलून सराव सकाळी 9:15 ते 10:15. मुलीने 8:30 ची एसटी धरायची; ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास असल्याने गाडी बदलल्याचा खर्च नाही. सरावानंतर 11 वाजता शाळा भरेपर्यंत डबा आणि एका मैत्रिणीसोबत अर्धा तास भूमिती. संध्याकाळी 5:20 ची गाडी. वक्तृत्व, निवेदन, प्रदर्शन, समूहगीत या वर्षी नाही. जूनचे पहिले तीन आठवडे दहावीला हात न लावता नववीचा त्रिकोण: रोज दोन सिद्धता, वही मिटून, प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लिहून. कारण लिहिता आलं नाही तर ती सिद्धता दुसऱ्या दिवशी पुन्हा. रचना रोज एक, टोकदार पेन्सिलीने.

पहिला आठवडा विस्कटला. पाऊस लागला, मैदान ओलं, दोन दिवस सराव संध्याकाळी गेला आणि पुन्हा 7 ची गाडी. तेव्हा असं ठरवलं की सकाळी मैदान नसेल त्या दिवशी सराव नाही. हे क्रीडाशिक्षकांनी मान्य करेपर्यंत वडिलांना दोनदा शाळेत जावं लागलं. पहिल्या घटक चाचणीत भूमितीत तिने एकही सिद्धता कोरी सोडली नाही. एक अर्धवट होती.

पूर्ण बंद करणं योग्य ठरतं, अशीही मुलं येतात. सहा तासांहून कमी झोप, दुखापत घेऊन खेळणं, किंवा मूल स्वतःच "मला नको" म्हणतंय आणि घरच्यांनाच पदकाची हौस. तिथे लगेच थांबवावं, संघाचं काय होईल हा प्रश्न शाळेने सोडवावा. बाकीच्यांनी आधी तो सात दिवसांचा कागद भरावा आणि गणिताची कोरी उत्तरं शोधावीत. स्पर्धांचा हंगाम साधारण पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत असतो, त्यामुळे संघाचा सराव कमी झाला की जानेवारीत तो कागद पुन्हा भरायचा.